पहिल्या एनएसएस शिबिराला जाण्याआधी

एनएसएसच्या, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेच्या, कामाचे वर्षाचे १२० तास कॉलेजात थोडे थोडे भरतात. गावातले हे ७ दिवस मात्र सलग असतात. म्हणून पहिल्याच दिवशी जोर दाखवून कुदळ मारू नकोस. मी मारली होती, तळहाताला फोड आले आणि दोन दिवस नुसती बघत बसले, फार वाईट वाटलं.

वनराई बंधारा, म्हणजे नाल्याचं पाणी अडवायला माती भरलेल्या गोण्यांचा कच्चा बांध, घालायचा असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने गळ्यापर्यंत ठासू नकोस. जरा सैल भरून शिवलेली गोणी नाल्यात चपटी बसते. वरचा थर विटांसारखा सांधा मोडून लाव. जागा मात्र गावकऱ्यांनाच विचार, पाण्याची वाट त्यांना ठाऊक असते.

भांडी घासायची पाळी टाळू नकोस. माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणी तिथेच भेटल्या. आणि टॉर्च उशाशी ठेव.