मूळ फाइलला हात कशाला?

प्रश्न : कळमन्याच्या एका संत्रा अडत्यासाठी मी जॅंगोमध्ये (पायथन भाषेत वेब सॉफ्टवेअर बांधायचा तयार सांगाडा) हिशेबाचं सॉफ्टवेअर केलं. अ‍ॅडमिनच्या पानावर (नोंदी सांभाळायचं जॅंगोचं तयार पान) दुकानाचं नाव यावं म्हणून साइट-पॅकेजेसमधली, म्हणजे जॅंगो जिथे बसवलेला असतो त्या फोल्डरातली, मूळ फाइलच बदलली. जॅंगोची आवृत्ती वाढवली आणि नाव गेलं. शिवाय पासवर्ड रीसेटसाठी माझ्या अ‍ॅपमध्ये वेगळं टेम्प्लेट (पानाचा साचा) ठेवलंय, तरी जॅंगोचंच पान उघडतं. चुकतंय कुठे?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : साइट-पॅकेजेस ही पिपची, म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाची, जागा. अपग्रेड केलं की पिप तिथल्या फायली नव्याने टाकतो. तुमची मेहनत त्यातच गेली. तिथे पुन्हा हात घालू नका. नुसतं नावच हवं असेल तर टेम्प्लेटची गरज नाही, साइट-हेडरला, म्हणजे पानाच्या शीर्षकाच्या सेटिंगला, दुकानाचं नाव द्या. एका ओळीचं काम आहे.

पासवर्डच्या पानाचा घोळ क्रमाचा आहे. जॅंगो टेम्प्लेट आधी सेटिंग्जमध्ये दिलेल्या फोल्डरांत शोधतो, मग इन्स्टॉल्ड अ‍ॅप्सच्या यादीत वरून खाली एकेका अ‍ॅपमध्ये. पहिलं सापडलं की थांबतो. अ‍ॅडमिनमध्येही 'रजिस्ट्रेशन' फोल्डरात त्याच नावाची फाइल असते, आणि नव्या प्रोजेक्टच्या यादीत अ‍ॅडमिन सगळ्यात वर असतं. तुमचं अ‍ॅप त्याच्या खाली असणार. वर न्या.

लोगो किंवा संत्र्याचा रंग हवा असेल तर प्रोजेक्टच्या टेम्प्लेट्स फोल्डरात 'अ‍ॅडमिन' फोल्डर करा, त्यात बेस-साइट नावाची फाइल ठेवा, आणि ते टेम्प्लेट्स फोल्डर सेटिंग्जमधल्या फोल्डरांच्या यादीत नोंदवा. नव्या प्रोजेक्टमध्ये ती यादी रिकामी असते. फाइलच्या सुरुवातीलाच त्याच नावाच्या टेम्प्लेटला 'एक्स्टेंड्स' करा, म्हणजे त्याच्यावरच आपलं पान उभारा. स्वतःच स्वतःला कसं, असं वाटेल, पण 1.9 पासून जॅंगो अशा वेळी आपली फाइल सोडून पुढची शोधतो. मग फक्त 'ब्रँडिंग' हा ब्लॉक (साच्यातला बदलता येणारा नाव-लोगोचा भाग) लिहा. आधीचा मजकूरही ठेवायचा असेल तर आत 'ब्लॉक.सुपर' घाला. ब्लॉकच्या बाहेर लिहिलेलं पानावर येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

अख्खी फाइल कॉपी करण्याचा मोह मात्र टाळा, हे कळकळीने सांगतो. मी एकदा 'बेस' या मूळ टेम्प्लेटची पूर्ण फाइल उतरवून घेतली होती. 2020 मध्ये 3.1 आवृत्ती आली, अ‍ॅडमिनला डावीकडे नेव्हिगेशनची पट्टी आली, पण माझ्या ग्राहकाच्या पानावर ती दिसेचना. दोन दिवस सीएसएस (पानाची सजावट ठरवणारा कोड) तपासत बसलो. अडथळा माझीच जुनी प्रत होती.

आणि हो, खऱ्या सर्व्हरवर जॅंगो टेम्प्लेट कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) ठेवतो. बदल दिसला नाही तर आधी गुनिकॉर्न (सर्व्हरवर जॅंगो चालवणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट करून बघा.