भांग कुणाच्या डावीकडे?

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नावाजलेल्या हेअरस्टायलिस्टच्या टीममध्ये फॅशन शोच्या बॅकस्टेजला पहिल्यांदाच काम, चार मॉडेल मुलींचे केस तुम्ही केले, आणि शोच्या आधी फर्स्ट असिस्टंटने, म्हणजे त्या स्टायलिस्टच्या उजव्या हाताने, येऊन चारही डोकी सोडवली, नव्याने केली. कारण कुणीच सांगितलं नाही. 'माझ्या हातात कसबच नाही का?' असं तुम्ही विचारलंय.

हात वाईट असता तर पहिल्या डोक्यालाच तुम्हाला बाजूला करून पिना वेचायला बसवलं असतं. चार डोकी होईपर्यंत कुणी हटकलं नाही, याचा अर्थ काम बघण्यासारखं होतं, फक्त ते काम दुसरंच होतं. हा माझा अंदाज आहे. मी तिथे नव्हते, आणि मी स्वतः कधी लीड, म्हणजे टीमची मुख्य स्टायलिस्ट, झालेली नाही. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली उभी राहिले, तेवढ्यावरून बोलतेय.

केसांचे सेक्शन, म्हणजे भाग, कसे घ्यायचे, स्प्रे किती लांबून मारायचा वगैरे तुम्हाला येत असणारच. ते सोडते. माझं काय झालं ते सांगते, कारण तुमच्या पोस्टमधली 'आमच्या कोपऱ्यात आरसा नव्हता' ही ओळ वाचून माझ्या पोटात गोळा आला.

माझा तिसरा की चौथा शो असेल. लूक साधा होता: खोल बाजूचा भांग, केस ओले वाटतील असे जेलने डोक्याला चप्प बसवलेले, पुढच्या केसांची पट्टी एका कानावरून घसरून मानेवर बांधलेली. लीडने एका मुलीवर डेमो दिला. आम्ही वीसेक जण भोवती कोंडाळं करून. मला पुढे जागा मिळाली नाही, म्हणून मागून हात उंच करून आरशातल्या प्रतिमेचा फोटो काढला. चेहरा स्वच्छ आला, भांगही स्पष्ट. खूश झाले.

मग मला जागा मिळाली ती भिंतीकडेला, घडीच्या खुर्चीपाशी. आरसा नाही. मुलगी बसली, मी तिच्यासमोर उभी राहिले, एका हातात फोन धरला आणि फोटोत दिसतोय तसा भांग पाडला. फोटोतला चेहरा माझ्याकडे बघतोय, समोरची मुलगीही माझ्याकडे बघतेय, जुळवायला कितीसा वेळ लागतो! फोटो आरशाचा आहे हे डोक्यातूनच गेलं. डेमोतला भांग मुलीच्या डावीकडे होता, मी पाडला उजवीकडे.

दुसरी आणि तिसरी मुलगी मी पहिलीकडे बघून केली. तिघी एकमेकींशी तंतोतंत जुळत होत्या, त्यामुळे शंकेला जागाच राहिली नाही. मला तर वाटलं, कोपऱ्यातलं माझं काम सगळ्यांत नेटकं झालंय.

लाइन-अपमध्ये, म्हणजे रॅम्पवर जायच्या आधीच्या रांगेत, फर्स्ट असिस्टंटच्या लक्षात आलं. तो ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "ही तीन उलटी आहेत." त्या कलेक्शनमध्ये कानातलं एकाच कानात होतं, उघड्या राहिलेल्या. माझ्या तिघींच्या नेमक्या त्याच कानावर केस आले होते. त्यांतली एक शो उघडणारी, म्हणजे रॅम्पवर सगळ्यांत आधी जाणारी.

बाहेरच्या माणसाला वाटेल, मग फिरवा की भांग. फिरत नाही. केस ओले झाले की केराटिनमधले, म्हणजे केस ज्या प्रथिनाचे बनतात त्यातले, हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना ज्या दिशेला धरलेत त्या दिशेला पुन्हा जुळतात. मुळाशी ती दिशा एकदा बसली, वर जेल, जेलवर हेअरस्प्रे, की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने केस आडवे करायला गेलं तर मुळं उभी राहतात आणि जेलचे पांढरे पापुद्रे सुटतात. शेवटी धुवावंच लागलं. बेसिन एकच. तिघींचे केस धुवून, वाळवून, पुन्हा बसवायला पाच माणसं लागली, त्यात कपाळाचा मेकअप गेला, मेकअपवाल्यांनी आम्हाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी हातात टॉवेल धरून उभी होते. मला कुणी हात लावू दिला नाही.

म्हणून पहिलं माझं ठाम मत: आरशाचा फोटो काढूच नका. डोक्याचा काढा, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून, आणि भांग लिहून ठेवताना 'तिच्या डाव्या भुवईच्या कमानीवर' असं लिहा, नुसतं 'डावीकडे' नको. पहिलं डोकं झालं की फर्स्ट असिस्टंटला बोलवा आणि दाखवा, तो कितीही घाईत असला तरी. वैतागेल. वैतागू द्या.

दुसरं, हे कदाचित तुम्हाला आवडणार नाही. पोस्टमध्ये तुम्ही लिहिलंय की 'दोन मुलींच्या चेहऱ्याला शोभेल म्हणून कानाजवळ थोड्या बटा सोडल्या.' भांगापेक्षाही तेच कारण असू शकेल. बॅकस्टेजला असिस्टंटने शोभेचा विचार करायचा नसतो. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात हेअरस्टायलिस्ट सॅम मॅकनाइट आणि राजकुमारी डायनाची गोष्ट बसलेली असते: १९९०, 'व्होग' या फॅशन मासिकाचं शूट, ती विचारते की मोकळीक दिली तर काय करशील, तो म्हणतो सगळे कापून टाकेन, आणि कापतो. झकास गोष्ट आहे. पण ती एका माणसाची, एका डोक्याची, आणि समोरच्या बाईने स्वतः विचारलं होतं. शोमध्ये चाळीस डोकी असतात आणि निर्णय लीड आणि डिझायनरमध्ये हेअर टेस्टच्या, म्हणजे शोआधी लूक करून बघण्याच्या, वेळीच झालेला असतो. डिझायनर अलेक्झांडर मॅकक्वीनच्या 'प्लेटोज अटलांटिस'साठी, म्हणजे ऑक्टोबर २००९ मध्ये दाखवलेल्या कलेक्शनसाठी, हेअरस्टायलिस्ट ग्वीडो पलाऊने वेण्या घालून त्यांची शिंगं उभारली होती. प्रत्येक मुलीचे केस वेगळे, कुणाचे विरळ, कुणाचे दाट, कुणाचे आधीच्या शोच्या स्प्रेने कडक झालेले. तरी लांबून सगळ्या एकाच जातीचे प्राणी वाटायला हवेत. त्यात एखादीच्या कानाजवळ कुणी 'शोभेल म्हणून' बट सोडली असती तर? त्या बटेने मुलगी सुंदर दिसली असती आणि प्राणी मेला असता.

(हाच पलाऊ तरुणपणी विडाल ससूनच्या सलूनमध्ये कामाला होता आणि तिथून त्याला काढलं होतं. हे तुम्हाला धीर म्हणून सांगतेय. माझी ती तीन डोकी उलटी झाल्यावर मी रोज रात्री हेच आठवायचे.)

आता खरा पश्चात्ताप. ती चूक मला महागात पडली नाही, तिच्यानंतर मी जे केलं ते पडलं. त्या रात्री मी काम जुळवून देणाऱ्या ऑफिसला लांबलचक माफीपत्र पाठवलं आणि ते टीमपर्यंत पोचवा अशी विनंती केली. उत्तर आलं, 'कळवतो.' आठवड्याने विचारलं, 'कळवलंय.' त्या दिवसाचे पैसे कुठे अडलेत म्हणून विचारलं, तर 'अकाउंट्सला विचारतो,' आणि ते सात महिन्यांनी आले, तेही अर्धवट. तिथे फोन उचलणाऱ्या माणसाचा आवाज इतका गोड असायचा की तक्रार करायला आपल्यालाच लाज वाटावी. दोन सीझन, म्हणजे शोचे दोन हंगाम, मला बोलावणं आलं नाही. मी समजून गेले, आपलं नाव खोडलं. बराच काळ विगला गाठी मारण्याचं काम करत बसले, म्हणजे लेसमध्ये सुईने एकेक केस ओवायचा. डोळे गेले, पण हात बसला, ते असो.

मग एका जाहिरातीच्या शूटवर तोच फर्स्ट असिस्टंट भेटला. म्हणाला, "तू त्या दिवसानंतर गायबच झालीस. आम्हाला वाटलं, तुला हे काम नकोय." माझं पत्र त्याने पाहिलंच नव्हतं. भांगाचा विषय निघाला तर त्याला आधी आठवेना, मग हसला, म्हणाला असं दर सीझनला कुणीतरी करतंच.

दोन सीझन! एका न पोचलेल्या पत्रापायी.

तर आजच, हे वाचून झाल्यावर, त्या फर्स्ट असिस्टंटला थेट लिहा. तीन ओळी. माफीचं पुराण नको. 'चार डोकी तुम्हाला पुन्हा करावी लागली, नेमकं काय चुकलं होतं ते कळलं तर पुढच्या वेळी तसं होणार नाही.' मधल्या कुणाच्या हाती देऊ नका. सगळीच ऑफिसं तशी नसतात, चांगलीही भेटली आहेत मला, पण निरोप्यावर आपलं पोट ठेवू नये. उत्तर आलं नाही तर आलं नाही, काही टीम खरंच उद्धट असतात, तिथे माझ्याकडे उपाय नाही.



तुम्ही डेमोचा फोटो काढला होता असं म्हणालात ना? तो उघडा आणि मुलीच्या अंगावरच्या झग्यावर किंवा मागच्या बाटल्यांवर काही छापलेलं दिसतंय का बघा. अक्षरं उलटी असली तर इथे कळवा.