कोण बोलतंय, कुणाशी?

प्रिय,

‘गाणं अश्लील की नाही’ यातच तास संपला, मुलं एकीकडे नि मुली दुसरीकडे, असं लिहिलंस. होणारच. तू आधी फळ्यावर पितृसत्तेची, म्हणजे घरात-समाजात पुरुषाच्या वर्चस्वाची, व्याख्या लिहिलीस, मग गाणं लावलंस. व्याख्या हातात आली की वर्ग ऐकत नाही, निवाडा करतो. आधी विचारायचं: कोण बोलतंय, कुणाशी?

‘बुगडी माझी सांडली गं’ ही लावणी घे. 1959 चा ‘सांगत्ये ऐका’ सिनेमा. पडद्यावर जयश्री गडकर, आवाज आशा भोसले, शब्द गदिमांचे. पहिल्यांदा पडदा बंद ठेवून ऐकव, नाहीतर चर्चा नऊवारीवर जाते. दुसऱ्यांदा छापील शब्द दे आणि त्या ‘गं’भोवती गोल करायला लाव. बाई मैत्रिणीला सांगतेय. मग तमाशाला बसलेले पुरुष इथे काय करतायत? आणि बाईचं हे गुपित लिहिलंय कुणी? इथे घाई नको. दहा मिनिटं गेली तर जाऊ देत.

मग ‘रिस्पेक्ट’ हे इंग्रजी गाणं, दोन्ही रूपांत. ओटिस रेडिंगचं 1965 चं आधी. पुरुष कमावून घरी येतो आणि मान मागतो. 1967 त अरीथा फ्रँकलिन तेच गाणं बाईच्या तोंडी घालते, मान शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून मागते. इंग्रजीतल्या ‘आय’ला लिंग नाही, म्हणून गाणं सहज हात बदलतं. मराठीत ‘येतो’चं ‘येते’ करावंच लागतं. तेच करून घे: चौघांचा गट, एक कडवं, क्रियापदं उलटायची. वर्ग जिथे हसेल तिथे थांबव. नेमकं कशाला हसलात?

ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ (1882) हे पुस्तक शेवटी, तेही एकच पान. पण आधी सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरचा बालहत्येचा खटला आणि त्यावरून ‘पुणेवैभव’ या वृत्तपत्राने बायकांवर झोडलेली टीका सांग. ते गाळलंस तर ‘बाई एवढी चिडलीय का?’ एवढंच कानी येईल. ताराबाई उत्तर देतेय, बाबा! कुणाशी बोलतेय ते कळल्याशिवाय राग कळत नाही.

व्याख्या तिसऱ्या तासाला. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून स्टाफरूममध्ये कुरकुर होईल. होऊ दे. मी हा क्रम सोडलेला नाही, सोडणारही नाही. जादा तास मार्चमध्येही घेता येतात.

कडव्यांच्या प्रती काढताना गीतकाराचं नाव खाली छापू नकोस. ते आधी दिसलं की कोण लिहितंय हे ओळखायची गरजच उरत नाही.