फतवा ‘काढतात’ की ‘देतात’?

एका वाचकाची विचारणा अशी : ‘महापालिकेचा अजब फतवा’, ‘ठार मारण्याचा फतवा’ आणि ‘दहशतवादाविरोधात फतवा’ हे तिन्ही मथळे वर्तमानपत्रांत दिसतात. मग फतवा म्हणजे हुकूम, शिक्षा की मत? मुस्लिम समाजाला धर्माच्या नावावरच्या हिंसेबद्दल काय वाटते, हे फतव्यांवरून ठरवता येते का? आणि जाता जाता, मुफ्ती आणि मुफत यांचे काही नाते आहे का?

मूळ अर्थाने फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नाला मुफ्तीने शरियतच्या आधारे दिलेले उत्तर. देणारा तो मुफ्ती, विचारणारा मुस्तफ्ती, विचारलेला प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता आणि हे कामकाज जिथे चालते ते दारुल इफ्ता. सगळे शब्द एकाच अरबी धातूतले. प्रश्नाशिवाय फतवा निघत नाही, ही गोष्ट आपल्या बातम्यांत सर्वांत आधी गळते.

भारतातल्या मदरशांचा उर्दू फतवा कागदावर पाहिला की सारे स्पष्ट होते. वर प्रश्न असतो. त्यात माणसांची खरी नावे बहुधा नसतात. पुरुष असेल तर ‘जैद’, बाई असेल तर ‘हिंदा’. आपण ‘अमका-तमका’ म्हणतो तसेच ते. खाली ‘अल-जवाब’ असे लिहून उत्तर सुरू होते, त्यात कुराण, हदीस (प्रेषितांची वचने व आचरण) आणि जुन्या फिक्ह-ग्रंथांचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या ग्रंथांचे, हवाले येतात आणि शेवट होतो ‘वल्लाहु आलम’ने. म्हणजे, खरे काय ते अल्लाच जाणे. मग सही, तारीख, शिक्का. दुसऱ्या मुफ्तीला पटले तर तो शेजारी ‘उत्तर बरोबर आहे’ असा शेरा मारून सही करतो. न पटले तर तो स्वतःचा वेगळा फतवा देऊ शकतो, आणि देतातही. ‘खरे काय ते अल्लाच जाणे’ म्हणून संपणारा हुकूम कुणी पाहिला आहे का?

काझीचे काम वेगळे. तो दोन्ही बाजू ऐकून निवाडा करतो. मुफ्ती कुणाला समोर बोलावत नाही, साक्षी-पुरावे तपासत नाही. कागदावर जे लिहून आले तेवढ्यावर उत्तर देतो. त्यामुळे प्रश्न जसा घडवाल तसे उत्तर मिळते, आणि पत्रकारितेतली मोठी गोम इथेच आहे. 2005 मध्ये मुझफ्फरनगरच्या इमरानाचे प्रकरण गाजले. सासऱ्याने बलात्कार केला आणि तिचे लग्नच टिकत नाही असा फतवा आला. तो ना तिने मागितला होता, ना तिच्या नवऱ्याने. मागणारा एक पत्रकार होता. सर्वोच्च न्यायालयाने 7 जुलै 2014 च्या निकालात नेमके यावर बोट ठेवले : फतव्याला कायद्याचे बळ नाही, तो कुणावर लादता येणार नाही आणि ज्या व्यक्तीच्या हक्कांचा प्रश्न आहे तिने स्वतः विचारल्याशिवाय तिच्याबद्दल फतवा देऊ नये. फतवा वाईट होता यात शंका नाही. पण प्रश्न टाकायचा, उत्तर आणायचे आणि मग ‘फतवा काढला’ अशी बातमी करायची, या साखळीतल्या पहिल्या कडीबद्दल कुणी लिहीत नाही.

आता मराठीकडे. मराठीत ‘फतवा काढणे’ म्हणजे वरून मनमानी आदेश सोडणे. हा अर्थ रुळलेला आहे आणि मराठी म्हणून तो चूक नाही. शब्द घरी आला की घरच्या चालीने वागतो. महापालिकेच्या फतव्याला माझी हरकत नाही, जरी त्या कामाला ‘फर्मान’ हा अधिक नेमका शब्द हाताशी आहे, आणि ‘तुघलकी’ विशेषण त्यालाच जास्त शोभते. अडचण होते ती हा मराठी अर्थ मनात ठेवून मुसलमानांबद्दलची बातमी वाचली की. मुफ्तीचे मत वाचकाला हुकूम वाटते आणि एका मुफ्तीचा कागद साऱ्या समाजाचा आदेश होतो.

‘शिक्षा’ हा तिसरा अर्थ चिकटला 14 फेब्रुवारी 1989 ला. सलमान रश्दी यांना ठार मारावे, असे इराणचे सर्वोच्च नेते आयातुल्ला खोमेनी यांचे निवेदन तेहरान रेडिओवरून वाचले गेले आणि जगभर फतवा म्हणजे मृत्युदंड असे समीकरण झाले. पुढच्याच महिन्यात रियाधला इस्लामी देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची परिषद भरली. तिने पुस्तकाचा निषेध केला, पण मारण्याच्या आवाहनाला पाठिंबा दिला नाही. दुसरी बाजूही सांगायला हवी. फतवा बंधनकारक नसतो म्हणून तो निरुपद्रवी असतो असे नाही. रश्दींच्या जपानी अनुवादकाचा 1991 मध्ये खून झाला आणि खुद्द रश्दींवर ऑगस्ट 2022 मध्ये चाकूहल्ला झाला.

मग आला 23 फेब्रुवारी 1998 चा, अमेरिकनांना जिथे सापडतील तिथे मारा सांगणारा कागद. त्यावर ओसामा बिन लादेन आणि आयमन अल-जवाहिरी यांची नावे होती. एक बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा, दुसरा शल्यविशारद. मुफ्ती दोघांपैकी कुणीच नाही. त्यांनी त्याला फतवा म्हटले आणि माध्यमांनी तो शब्द अवतरणचिन्हही न लावता उचलला. ज्या अधिकाराचा त्यांना हव्यास होता तो बातमीदारांनी फुकटात देऊन टाकला. 2005 मध्ये जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, निरनिराळ्या पंथांच्या उलेमांनी (धर्मपंडितांनी) जे तीन मुद्दे मान्य केले, त्यांतला एक हाच होता : ठरलेली पात्रता नसलेल्याने फतवा देऊ नये.

उलट बाजूच्या फतव्यांचे काय होते? देवबंदच्या दारुल उलूम या मदरशाचे उदाहरण घ्या. 25 फेब्रुवारी 2008 ला तिथे मोठी परिषद झाली आणि दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे घोषणापत्र निघाले. ते घोषणापत्र होते, फतवा नव्हे. फतवा आला 31 मे 2008 ला, दिल्लीच्या रामलीला मैदानावर, दारुल उलूमच्या मुफ्तींच्या सहीनिशी. दोन्हींना सर्रास फतवा म्हटले गेले. त्याच वर्षी मुंबईत 26 नोव्हेंबरचा हल्ला झाला आणि मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास जामा मशीद ट्रस्टने नकार दिला. हा ट्रस्टचा निर्णय होता, त्याला फतव्याची गरज पडली नाही. प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून अधिक काळ पडून होती. अशा वेळी ‘निर्णय’, ‘ठराव’, ‘पत्रक’ हेच शब्द वापरावेत. कोण बोलले हे त्यांतून नीट कळते.

म्हणून हिंसेच्या बाजूने फतवे नाहीतच असे मानू नका. युसुफ अल-करदावींसारख्या नावाजलेल्या विद्वानांनी 9/11 चा निषेध केला आणि पॅलेस्टिनी आत्मघाती हल्ल्यांचे समर्थनही केले. कधीकधी तर सारा वाद एका अक्षरावर येतो. चौदाव्या शतकाच्या सुमारास इब्न तैमिया या धर्मपंडिताला मार्दिन या, आज तुर्कस्तानात असलेल्या, गावाबद्दल प्रश्न विचारला गेला : मंगोलांच्या ताब्यातले हे गाव इस्लामच्या भूमीत धरायचे की शत्रूच्या? उत्तराच्या प्रचलित छापील पाठात, शरियतबाहेर गेलेल्याशी त्याच्या लायकीप्रमाणे ‘युकातल’, म्हणजे लढावे, असे आहे. जुन्या हस्तलिखितात ‘युआमल’ आहे, म्हणजे वागावे. अरबी लिपीत दोन्हींचा सांगाडा जवळजवळ सारखा. छापील पाठ इजिप्तच्या अब्दुस्सलाम फरज या इलेक्ट्रिकल इंजिनिअरने आपल्या पुस्तिकेत वापरला आणि ऑक्टोबर 1981 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांचा खून करणाऱ्या गटाची ती पोथी झाली. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती जाद अल-हक यांनी तिचे मुद्देसूद खंडन केले, तेही फतवा देऊनच. मार्च 2010 मध्ये उलेमांनी खुद्द मार्दिनला जमून तो पाठ दुरुस्त करून घेतला. पाठभेदाच्या वादात रस असणाऱ्या कुणीही हे प्रकरण मुळातून पाहावे.

समाजाचे मत फतव्यावरून ठरत नाही, त्यासाठी पाहण्या असतात. त्याही जपून वाचाव्या लागतात. प्यू या अमेरिकी पाहणी-संस्थेच्या 2013 च्या अहवालात, इस्लामच्या रक्षणासाठी नागरिकांवर आत्मघाती हल्ले समर्थनीय आहेत का, या प्रश्नाला चार पर्याय होते : बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांचे देशोदेशींचे मध्यक प्रमाण, म्हणजे देश क्रमाने मांडले तर मधोमध येणारा आकडा, 72 टक्के. पण पॅलेस्टिनी भागांत ‘बरेचदा’ व ‘कधीकधी’ मिळून 40 टक्के, अफगाणिस्तानात 39, पाकिस्तानात 13. ‘क्वचित’ला कुठल्या गठ्ठ्यात टाकले यावर मथळा फिरतो. आणि अफगाणिस्तानचा आकडा घेऊन ‘मुसलमानांना वाटते’ असे लिहिणे जितके चूक, तितकेच मध्यकाच्या आड त्याला लपवणे.

लिहिणाऱ्यांनी एवढे सांभाळावे : मुफ्तीचा असेल तर ‘फतवा दिला’, सरकारी खात्याचा असेल तर खुशाल ‘काढला’. पहिल्या परिच्छेदात कुणी विचारले, कुणी उत्तर दिले आणि कुठल्या दारुल इफ्ताने, हे यावे. मौलवींनी कॅमेऱ्यासमोर काही म्हटले तर ते विधान, फतवा नव्हे. सगळे मौलवी मुफ्ती नसतात. त्यासाठी मदरशाच्या शिक्षणानंतर वेगळा अभ्यासक्रम असतो.

राहिला मुफत. तो फारसी शब्द आहे, मुफ्ती अरबी. उच्चार जवळचे, नाते काही नाही. मात्र पोलीस आणि लष्करातले लोक गणवेश न घालता साध्या कपड्यांत असले की ‘मुफ्तीत’ म्हणतात, तो मुफ्ती हाच असावा. ब्रिटिश अधिकारी फावल्या वेळी सैलसर झगा आणि गोंड्याची टोपी घालत, ती नाटकातल्या मुफ्तीसारखी दिसे, अशी त्याची व्युत्पत्ती सांगितली जाते.