कंगव्यातल्या केसांतून भाऊ परत येईल का?

प्रश्न: नमस्कार. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी बाईक अपघातात गेला, २६ वर्षांचा होता. आईने त्याचा कंगवा केसांसकट डब्यात जपून ठेवलाय. मध्यंतरी फॅमिली ग्रुपवर परदेशात मेलेल्या कुत्र्यांचं क्लोनिंग करून देतात असा व्हिडिओ आला, तेव्हापासून आईचं एकच, कुत्र्याचं होतं तर माणसाचं का नाही. काका म्हणतात देवाच्या कामात लुडबुड नको आणि आतेभाऊ म्हणतो टेस्टट्यूब बेबीलाही लोक अशीच नावं ठेवायचे. आईला काय सांगू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी कंगव्याचं सांगते, आईचा जीव तिथेच अडकलाय ना. क्लोनिंगला जिवंत पेशी लागते, तिच्यातलं केंद्रक काढून दुसऱ्या मादीच्या रिकाम्या केलेल्या अंड्यात घालतात आणि तो गर्भ आणखी कुणाच्या तरी पोटात वाढवतात. कंगव्यातले केस केव्हाच सुकले, त्यात तसं काही उरलेलं नाही. कुत्र्याचं जमतं कारण ते जिवंत असताना किंवा मेल्यावर लगेच कातडीचा तुकडा काढून जपून ठेवलेला असतो.

आतेभावाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये. १९८६ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या टीमने टेस्टट्यूब बेबी जन्माला घातली, आणि आज गल्लोगल्ली आयव्हीएफ सेंटरचे बोर्ड लागलेत. म्हणून क्लोनिंगही तसंच अंगवळणी पडेल हे मात्र मला पटत नाही. देवाचा मुद्दा बाजूला ठेवू, काकांशी कोण वाद घालत बसणार! मला खटकतं ते हे, की यात खर्ची कोण पडतं.

क्लोन केलेल्या डॉली मेंढीचंच घ्या, स्कॉटलंड, १९९६. २७७ अंड्यांत पेशी जोडून पाहिल्या, त्यातून कसेबसे २९ गर्भ निघाले, ते १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि हाती लागली एकटी डॉली. आपल्याकडे कर्नालला २००९ मध्ये म्हशीचं क्लोनिंग झालं, पहिलं रेडकू आठवडाभरही जगलं नाही. २०१८ मध्ये शांघायच्या क्लोन केलेल्या माकडांचा केवढा गाजावाजा झाला, पण जगलेली दोन पिल्लं गर्भातल्या पेशींपासूनची होती, मोठ्या माकडाच्या पेशींपासून जी दोन जन्मली ती लगेच दगावली. आणि तुमच्या आईला हवंय ते हे दुसरं, मोठ्या माणसाचं. आता त्या १३ मेंढ्यांच्या जागी बायका धरा, कुणाच्या तरी लेकी-सुनाच ना त्या? कोरियात ह्वांग वू-सुक नावाच्या शास्त्रज्ञाने मानवी गर्भ क्लोन केल्याचा दावा केला तेव्हा दोन हजारांवर स्त्रीबीजं वापरली गेली, काही पैसे देऊन घेतलेली, काही त्याच्याच लॅबमधल्या ज्युनिअर मुलींची, आणि शेवटी २००६ मध्ये कळलं की दावाच खोटा.

बरं समजा सगळं सुरळीत झालं. तरी येईल कोण? २००१ मध्ये टेक्सासला एक मांजर क्लोन केलं. मूळ मांजर तिरंगी, केशरी ठिपक्यांचं, आणि पिल्लू निघालं पट्ट्यापट्ट्यांचं, केशरी नावालाही नाही, कारण कुठल्या पेशीत कुठला रंग उमटायचा ते गर्भातच आपापलं ठरतं. साधा अंगावरचा रंग जिथे हुकतो तिथे तुमच्या भावाचं हसणं, त्याचं उशिरा घरी येणं कुठून आणणार? फार तर त्याचा २८ वर्षं उशिरा जन्मलेला जुळा भाऊ येईल. आपल्याकडे आजोबा गेल्यावर नातू झाला की आजोबाच आले म्हणतात, पण त्या नातवाला कुणी आजोबांसारखी तपकीर ओढायला लावत नाही. या पोराला मात्र जन्मभर दुसऱ्याच्या फोटोशी ताडून बघतील, आणि आई मायेपोटीच बघेल, म्हणून जास्त जड जाईल त्याला.

भारतात माणसाचं क्लोन जन्माला घालायला आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या गाइडलाइन्समध्ये बंदी आहे, उपचारांसाठी पेशींवर संशोधन हा वेगळा विषय, त्याला माझा विरोध नाही.

आईला एका दमात हे सगळं ऐकवू नका, मांजराची गोष्ट सांगा, ती पोचेल. कंगवा राहू दे डब्यात. आणि त्या व्हिडिओखाली पेशी जपून ठेवायला अ‍ॅडव्हान्स भरा असा नंबर दिलेला असेल तर तो आईच्या फोनमधून आजच डिलीट करा.