गरोदरपणात लोशनमधल्या पॅराबेनचा हार्मोनवर परिणाम होतो का?

ताई, तुम्हाला चौथा महिना आहे, सोलापूरच्या उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते म्हणून रोज अंगभर लोशन लावता आणि बाटलीवर मेथिलपॅराबेन, प्रोपिलपॅराबेन वाचून घाबरलात. आधी सरळ उत्तर देते. आतापर्यंत लावलेल्या लोशनने बाळाला इजा झाली असेल, असं मानायचं कारण नाही. पण आजपासून ती बाटली बदला. मी इथेच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, काउंटरवर गरोदर बायकांना हेच सांगते.

क्रीम-लोशनला बुरशी लागू नये म्हणून पॅराबेन घालतात. शरीरात इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन जिथे जाऊन काम करतं, तिथे हे रसायनही थोडंफार चिकटतं. पॅराबेनच्या प्रकारांत मेथिल सगळ्यात दुबळं. एथिल, प्रोपिल, ब्युटिल असा जोर चढत जातो. तरी तो आपल्या इस्ट्रोजेनपेक्षा हजारो पटींनी कमीच. आईच्या अंगात या काळात इस्ट्रोजेन भरपूर असतं, त्यापुढे हा जोर किरकोळ, त्यामुळे मला काळजी वाटते ती बाळाची. पॅराबेन नाळेच्या रक्तात आणि गर्भजलातही सापडलंय.

पोर्टो रिकोतल्या गरोदर बायकांच्या अभ्यासांत पॅराबेनचं प्रमाण आणि प्रजननाच्या व थायरॉइडच्या हार्मोनमधले बदल यांचा संबंध दिसला. जर्मनीत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या आयांच्या लघवीत ब्युटिलपॅराबेन जास्त होतं त्यांच्या मुलांचं, विशेषतः मुलींचं, वजन पुढे जास्त आढळलं. उंदरांमध्येही तसंच दिसलं. माणसांमध्ये हा नुसता संबंध दिसलाय, पॅराबेनमुळेच वजन वाढतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी युरोपीय संघाने 2014 मध्ये प्रोपिल आणि ब्युटिलची मर्यादा 0.14 टक्क्यांवर आणली, आणि तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये त्यांना बंदी घातली.

दिलाशाची गोष्ट अशी, की पॅराबेन अंगात साठून राहत नाही, लघवीवाटे लवकर निघून जातं. आपण रोज नव्याने लावतो म्हणून ते सतत सापडतं. कॅलिफोर्नियात 100 किशोरवयीन मुलींनी फक्त तीन दिवस पॅराबेन नसलेली प्रसाधनं वापरली, तर लघवीतलं मेथिल आणि प्रोपिल पॅराबेन साधारण 45 टक्क्यांनी उतरलं. 2016 चा अभ्यास आहे हा.

म्हणून अंगावर राहणाऱ्या गोष्टी आधी बदला. साबण, शांपू धुऊन जातात, त्यांचं नंतर बघू. बोअरच्या जड पाण्याने आंघोळ करत असाल तर कातडी जास्तच ओढते. अंग ओलसर असतानाच साधं खोबरेल तेल लावा. ‘पॅराबेन फ्री’ लिहिलेली बाटली घेतलीत तर तिच्यावर मेथिलआयसोथायझोलिनोन हे दुसरं टिकवणारं रसायन नाही ना, ते बघा. त्याने ॲलर्जी होते. आणि घरी काढलेला कोरफडीचा गर साठवून ठेवू नका, आपल्या उन्हात तो एका दिवसात बिघडतो.

सॉस-लोणच्यातलं सोडियम बेंझोएट हे वेगळं रसायन, त्याची पॅराबेनशी गल्लत नको. शेंगा चटणी घरची खा, तिला टिकायला काहीच घालावं लागत नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. लोहाच्या किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधावरही पॅराबेन लिहिलेलं दिसेल. ते वाचून औषध बंद करू नका. रक्त कमी असणं हा तुम्हाला आणि बाळाला पक्का धोका आहे. मनाला पटत नसेल तर डॉक्टरांना गोळी लिहून द्यायला सांगा. आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी अजून झाली नसेल तर पुढच्या भेटीत तेवढं विचारून घ्या.