गॅरेजच्या दारातून : काच सारखी रुळावरून का उतरते?

प्रश्न : माझी हॅचबॅक २०१४ ची, पहिल्यापासून माझ्याच हातातली. गेल्या १४ महिन्यांत ड्रायव्हर बाजूची काच ३ वेळा रुळावरून उतरली. दोनदा काच वरखाली करणारी मशीन नवीन टाकली, एकदा जुनीच दुरुस्त करून बसवली. दर वेळी तीन-चार महिने बरे जातात. मग काच वर चढताना पुढचा कोपरा मागे रेंगाळतो, मागचा आधी वर जातो आणि चौकटीच्या बाहेर येतो. काच सुरळीत चालावी म्हणून मी बाजूच्या रबरात दर पंधरवड्याला खोबरेल तेल सोडतो. पावसात काच बोटभर उघडी ठेवता यावी म्हणून दीड वर्षापूर्वी काचांच्या वर प्लॅस्टिकच्या पट्ट्या, म्हणजे व्हायझर, बसवले, त्यांचाही फारसा उपयोग नाही. मेकॅनिक म्हणतो, 'गुरुजी, आता गाडीच काढून टाका.' खरंच ती वेळ आली आहे का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, विटा

उत्तर : गुरुजी, गाडी काढू नका. व्हायझर काढा. तुमच्या पत्रात त्यांचं वाक्य शेवटी शेवटी, तेही जाता जाता आलंय, पण मी तिथेच थांबलो. व्हायझर दीड वर्षाचे आणि काचेचं दुखणं १४ महिन्यांचं. तुम्ही आयुष्यभर वजाबाकी शिकवलीत, तेव्हा पुढचं मी सांगायला नको.

व्हायझर दोन प्रकारचे येतात. एक चौकटीवर बाहेरून टेपने चिकटवायचा, तो काचेच्या वाटेत येत नाही. दुसरा काच ज्या रबरी खाचेत शिरते त्याच खाचेत दाबून बसवायचा. तुमचा दुसऱ्या प्रकारचा असणार. ती खाच काचेच्या जाडीपुरतीच असते. तुमच्या गाडीची काच साडेतीन-चार मिलिमीटरची, आणि तिच्या शेजारी आता प्लॅस्टिकची पट्टी येऊन बसली. पुढच्या बाजूला खाच आवळली की पुढचा कोपरा अडतो, मागचा मोकळा असल्याने पुढे पळतो. काच तिरकी होते ती अशी.

आता मशीन का तुटते ते पाहा. गॅरेजात आम्ही जिला मशीन म्हणतो ती बहुतेक हॅचबॅकमध्ये केबलची असते. दरवाजाच्या आत एक उभा रूळ, त्यावर वरखाली सरकणारा प्लॅस्टिकचा ठोकळा, ठोकळ्याला बांधलेली बारीक पोलादी तार, आणि ती तार गुंडाळणारी मोटर. काच या ठोकळ्याला मधोमध एक-दोन बोल्टांनी धरलेली असते. भरलेलं ताट एका हाताने मधोमध धरून चालल्यासारखंच. कुणी एका कडेला बोट लावलं की ताट कलंडणार. मोटरला यातलं काही कळत नाही, ती ओढत राहते. काच हलेना, मोटर थांबेना, मग त्या दोघींच्या मध्ये जे सगळ्यात कच्चं असतं ते जातं : ठोकळ्याचं प्लॅस्टिक. तुमच्या दोन्ही मशिनी अशाच गेल्या असणार. त्या मेल्या खऱ्या, पण मारेकरी दरवाजातच राहिला आणि तुम्ही त्याच्या पुढ्यात नवीन मशीन नेऊन ठेवलीत.

हे मला सांगणारे माझे वस्ताद. मी मिरजेला त्यांच्याकडे शिकायला होतो तेव्हा बहुतेक गाड्यांना काचेचं हँडलच असायचं. ते म्हणायचे, हँडलच्या काचेला मनगट असतं. रबर कोरडं पडलं, खाचेत कचरा बसला, की फिरवणाऱ्याच्या मनगटाला आधी कळायचं आणि माणूस थांबायचा. बटण आलं आणि मनगट गेलं. मी एका जीपगाडीला लागोपाठ दोन मशिनी टाकल्या, तिसरी टाकायला गेलो तर त्यांनी माझ्या हातातला पाना काढून घेतला. काच मशिनीपासून सोडवायला लावली आणि म्हणाले, 'आता नुसती काच हाताने वर ने.' दोन्ही तळवे लावून ढकलली तरी ती अर्ध्यावर रुतली. खाचेत बोट घातलं तर उन्हाच्या जुन्या फिल्मचा गुंडाळा निघाला, सुपारीएवढा. मग तीच मशीन परत जोडली. गाडी विकली जाईपर्यंत चालली.

तुमच्या मेकॅनिकला हीच परीक्षा करायला सांगा. दरवाजाचा पॅड, म्हणजे आतल्या बाजूचं झाकण, काढायचा. स्क्रू दार उघडायच्या हँडलच्या वाटीत आणि आरशाच्या कोपऱ्यातल्या झाकणामागे लपलेले असतात, ते न काढता पॅड ओढला तर क्लिपा तुटतात आणि मग पॅड जन्मभर खडखडतो. आतली प्लॅस्टिकची शीट फाडायची नाही, कडेने हळूहळू सोडवायची. काच बोल्ट दिसतील इतकी खाली आणायची. बोल्टाभोवती मार्करने खूण करायची, मग दहाच्या पान्याने काच सोडवायची. आता दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या. काच हाताने वर-खाली करा : ती सगळीकडे सारख्याच जोराने सरकली पाहिजे. मग काच चिकटपट्टीने चौकटीला वर बांधून रिकामी मशीन बटणावर चालवा : ती न अडता, न कुरकुरता गेली पाहिजे. काच जड आणि मशीन हलकी असेल तर दोष खाचेत. उलट असेल तरच मशिनीला पैसे घाला. या परीक्षेला अर्धा तास लागतो. तेवढा वेळ गॅरेजवाला देत नाही, कारण मशीन बदलायलाही तेवढाच लागतो आणि त्यात बिल होतं. मी स्वतः गॅरेजवाला आहे, म्हणून हे बोलायचा मला हक्क आहे.

मशीन रिकामी चालवताना बोटं रुळाजवळ नकोत, बाकी वेळ बटणाचं कनेक्शन काढूनच हात घालावा. आणि दरवाजात केबलऐवजी कैचीसारखे दांडे असतील तर त्यांची मोटर सोडण्याआधी दांडा पक्का बांधावा. त्यात ताणलेली स्प्रिंग असते, मोटर निघाली की दांडा फाडकन फिरतो. माझ्या उजव्या अंगठ्यावर त्याची खूण आहे.

खोबरेल तेलाबद्दल. गुरुजी, ते थांबवा. खाचेच्या रबराला आतून मखमलीसारखी लव असते, काच त्या लवेवर घसरते. तेल लागलं की लव चिकट होते, त्यावर धूळ बसते आणि धुळीचा लगदा होतो. तुमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याची काजळी हवेत असतेच, ती सगळी त्या तेलावर येऊन बसणार. शिवणयंत्राचं तेल, ग्रीस, गंज सोडवायचा स्प्रे हेही नको, पेट्रोलियमच्या तेलाने रबर फुगतं. ओलं फडकं पातळ पट्टीला गुंडाळून खाच पुसा, दोन-तीन फडकी काळी होईपर्यंत. वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे, तोही बारीक नळीने, खाचेतच. काचेवर उडाला तर लगेच पुसा, नाहीतर रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतील. वर्षातून दोनदा पुरे : पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. रबर कडक पडून त्याला भेगा गेल्या असतील तर स्प्रेने काही होत नाही, नवीन टाका. ते मशिनीपेक्षा बरंच स्वस्त येतं. घेताना कोपऱ्याचं वळण बघा. डुप्लिकेट रबर सरळ भागात बसतं आणि कोपऱ्यात उठून राहतं, आणि काच नेमकी कोपऱ्यातच अडकते.

काच परत बसवताना एक गोष्ट हमखास राहते. बरेच जण काच खाली असतानाच बोल्ट आवळून टाकतात. बोल्ट नुसते लागू करायचे, काच खाचेत नीट शिरवून वरपर्यंत न्यायची, तिची तिला जागा घेऊ द्यायची आणि मग पॅडमागच्या भोकांतून बोल्ट आवळायचे. बोल्ट इतकेही आवळायचे नाहीत की काच बोलेल. ती टफन काच असते, कडेला टवका उडाला की दोन दिवसांनी गाडी उन्हात उभी असताना तिचा चुरा होतो.

व्हायझर हवाच असेल तर चिकटवायचा घ्या. आणि काच पुन्हा नीट चालू लागली की जुना मेकॅनिक सोडू नका. त्याला हे पत्र वाचायला द्या, पोरगं शिकेल.

प्रश्न : डावीकडची काच खाली गेली ती आलीच नाही. बटण दाबलं की आत टकटक आवाज येतो. इथे पाऊस सुरू झालाय आणि मेकॅनिक गणपतीनंतर या म्हणतो. तोपर्यंत काय करू?
— गुहागरहून एक ताई

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे बटण दाबणं बंद करा. टकटक म्हणजे मशिनीची तार सुटून मोटरच्या चाकावर वेडीवाकडी गुंडाळली जातेय. जेवढं दाबाल तेवढा गुंता वाढेल आणि मोटरही जाईल. आज एकदाच दाबायचं. एकाने बटण 'वर' धरावं, दुसऱ्याने काच दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरून वर खेचावी. तळव्यांत म्हणजे तळव्यांत, काचेच्या कडेला बोटं लावू नका. काच पूर्ण खाली गेली असेल तर पॅड काढून खालून ढकलावी लागेल. ते रंगारी-सुतारालाही जमतं, मेकॅनिकच लागतो असं नाही. वर आली की रुंद चिकटपट्टीचे तीन पट्टे काचेवरून चौकटीवर न्या. मग ड्रायव्हरकडचं काचा बंद ठेवायचं लॉक बटण दाबून ठेवा, म्हणजे शेजारी बसलेलं कुणी विसरून काच उघडणार नाही. एमसील लावू नका. कुणीतरी सुचवेलच.

तार बहुधा गंजली असणार, खाऱ्या हवेत ती लवकर जाते. पण एक बघून ठेवा. दरवाजा थोडा हलवला तर आत पाणी डुचमळल्याचं ऐकू येतं का? काचेवरून पाणी दरवाजात जातंच, ते जायचंच असतं, खालच्या कडेला त्याला बाहेर पडायला भोकं ठेवलेली असतात. कोकणात ती चिखल आणि पाल्याने बुजतात. उदबत्तीच्या काडीने मोकळी करा. गणपतीनंतर मशीन बसवून घ्याल तेव्हा आतली शीट परत चिकटवली की नाही ते तिथे उभं राहून बघा. ती फाटली की पाणी पायाखालच्या मॅटमध्ये येतं, आणि मग लोक सनरूफ नसलेल्या गाडीचं छप्पर तपासत बसतात.

प्रश्न : बॅटरी बदलल्यापासून ड्रायव्हरची काच वर जाऊन टेकते आणि आपोआप खाली येते. मोटर गेली का? घरात ४ वर्षांची मुलगी आहे, भीती वाटते.
— पुण्याहून एक बाबा

उत्तर : मोटर चांगली आहे. मध्ये कुणाचा हात आला तर काच परत फिरावी अशी सोय असते तिच्यात. बॅटरी निघाली की 'वर म्हणजे कुठपर्यंत' हे काच विसरते आणि चौकटीलाच हात समजते. इंजिन चालू ठेवा, बटण ओढून काच वर न्या आणि टेकल्यावरही बटण काही सेकंद तसंच धरून ठेवा. बहुतेक गाड्यांत एवढ्याने ती शिकते, तुमच्या गाडीची नेमकी रीत पुस्तिकेत असेल. त्यानंतरही मधूनच परत येत असेल तर तिला खरंच कुणीतरी अडवतंय. वर गुरुजींना सांगितलेली खाचेची सफाई करा. काही जण ही सोयच बंद करून देतात, त्यांच्या दारात गाडी नेऊ नका. लेक मागे बसली की लॉक बटण दाबलेलंच असू द्या. आणि गाडीतून उतरताना किल्ली बरोबर घ्या, दोन मिनिटांसाठी असलं तरी.

प्रश्न : मागच्या दोन्ही काचा अर्ध्याच खाली जातात. तीन गॅरेज झाली. नक्की अडकतात कुठे?
— सोलापूरहून एक वाचक

उत्तर : चाकात. मागच्या दरवाजाचा खालचा कोपरा चाकाच्या कमानीसाठी कापलेला असतो, पूर्ण काच मावायला आत जागाच नाही. गाडी कारखान्यातून अशीच आली आहे. चौथ्या गॅरेजात जाऊ नका.